वाचकांचे प्रश्न: कार अलाउन्स मिळतोय, मग गाडी कशी घ्यायची?

जळगावहून एक वाचक लिहितात: ताई, नमस्कार. मी बियाण्याच्या एका कंपनीत गेल्या दिवाळीनंतर एरिया मॅनेजर म्हणून लागलो. एरिया म्हणजे इकडे मुक्ताईनगर ते तिकडे नवापूर, महिन्याला अडीच हजार किलोमीटर कुठे गेले नाहीत. आत्ताची गाडी २०१३ ची आहे, पारोळ्याच्या पुढे एसी लावला की काटा वर चढतो, म्हणून काचा खाली करून फिरतो. कंपनी महिन्याला १५,००० कार अलाउन्स देते आणि टूरचे किलोमीटरला ९ रुपये वेगळे. नाहीतर कंपनीतर्फे ४ वर्षं लीजवर गाडी मिळते, तिचं भाडं २८,००० महिना, त्यात इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग आलं, ते सीटीसीमधून, म्हणजे वर्षाच्या एकूण पगारातून, वळतं होणार (अलाउन्सचे १५,००० त्यातच धरून), आणि पेट्रोलचं बिल लावलं की तेवढेच पैसे मिळणार. ४ वर्षांनी सव्वादोन लाख भरून गाडी माझी. मला ९ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी घ्यायचीय, अडीच लाख जमवलेत. शोरूमवाला म्हणतो ८ लाखाचं लोन ७ वर्षं करा, हप्ता तेरा हजाराच्या आत, अलाउन्समधे गाडी फुकटच पडते. आप्पा म्हणतात बँकेच्या नादी लागू नको, घरात सोनं आहे ते ठेव. अलाउन्स सोडून पगार वर्षाला १४ लाख आहे. डोकं चालेनासं झालंय.

उत्तर: भाऊ, तो "फुकट" शब्द आधी बाजूला ठेवू. बँकेत लोनच्या टेबलावर माझी बावीस वर्षं गेली, गाडीची चौकशी करणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न तोच विचारायचा, "हप्ता कितला शे भो?" किंमत किती, व्याज किती, एकूण किती भरायचे, हे कोणी विचारायचंच नाही, आणि शोरूमवाल्यालाही ते बरोब्बर माहीत असतं म्हणून तो हप्त्यावरच बोलतो.

अलाउन्सपासून सुरू करू. तुमच्या हातात १५,००० येतच नाहीत. कार अलाउन्स म्हणून सरसकट दिलेली रक्कम पगारात धरली जाते. आयकराच्या नवीन रिजीममधे (नव्या पद्धतीत) २०२५-२६ च्या स्लॅबने तुमचं उत्पन्न १२ ते १६ लाखाच्या टप्प्यात बसतं, तिथे १५ टक्के आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे १५.६ टक्के. म्हणजे हातात १२,६६०. शोरूमवाल्याने जो ७ वर्षांचा हप्ता सांगितला तो ९ टक्के व्याज धरलं तर १२,८७१ येतो, म्हणजे तुमचा अख्खा अलाउन्स हप्त्यात गेला, वरून दोनशे रुपये खिशातले, आणि इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग अजून बाकीच. आणि हो, नोकरदार माणसाला कार लोनच्या व्याजावर टॅक्समधे काही सूट नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या लोनला होती, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनपुरती, तीही जुन्या रिजीममधे, तरी अजून काही सेल्समन ती सांगत फिरतात.

आता ५ वर्षं आणि ७ वर्षं यात फरक काय ते बघा. ८ लाख, ९ टक्के, ५ वर्षांना हप्ता १६,६०७ बसतो आणि एकूण व्याज जातं १ लाख ९६ हजार. ७ वर्षांना हप्ता १२,८७१ पण व्याज २ लाख ८१ हजार. म्हणजे ८५ हजार जास्त. पण मला त्या ८५ हजारापेक्षा तिसऱ्या वर्षाची काळजी जास्त वाटते. तुमचं रनिंग वर्षाला ३० हजार किलोमीटर, म्हणजे ३ वर्षांत गाडी ९० हजार पळालेली असेल. त्या वेळी ७ वर्षांच्या लोनमधे ५ लाख १७ हजार अजून बाकी असतात, ५ वर्षांच्या लोनमधे ३ लाख ६३ हजार. आणि इन्शुरन्सवाला चौथ्या वर्षी गाडीची किंमत ४० टक्के घसारा काढून धरतो, म्हणजे ९ लाखाची ५ लाख ४० हजार. हायवेवर काही झालं आणि गाडी टोटल लॉसमधे गेली तर क्लेमचा चेक आधी बँकेचं देणं भागवतो, उरलं तर तुमचं, मग हिशोब करा की हातात नवीन गाडीच्या डाउन पेमेंटपुरते तरी राहतात का. विकायला काढली तरी ९० हजार पळालेली गाडी बघून घेणारा नाक मुरडणारच. म्हणून जास्त पळणाऱ्या गाडीला लांब मुदतीचं लोन नको असं माझं ठाम मत आहे, घरी उभ्या राहणाऱ्या गाडीचं वेगळं.

लीजबद्दल. लीज वाईट नसते, हे आधी सांगते, कारण आपल्याकडे "भाड्याची गाडी" म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. लीजची गंमत अशी की भाडं टॅक्सच्या आधी कापलं जातं, आणि त्या बदल्यात गाडी वापरण्याची सुविधा म्हणून थोडी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरतात. २०२५-२६ पर्यंतच्या नियमात, गाडी ऑफिस आणि घर दोन्हीला वापरायची आणि खर्च कंपनीचा, तर १६०० सीसीपर्यंत महिना १,८००, त्याच्या वर २,४००, ड्रायव्हर दिला तर अजून ९००. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे तेव्हा चालू वर्षाचा आकडा तुमच्या अकाउंटवाल्याकडून लेखी घ्या आणि माझ्या हिशोबात तो टाका. जुन्या आकड्याने बघितलं तर २८,००० भाड्याचा खरा भार तुमच्यावर २३,९०० च्या आसपास येतो. ३० टक्के स्लॅबवाल्याला हाच भार २० हजाराच्या खाली जातो, म्हणून मोठ्या साहेब लोकांना लीज गोड लागते आणि ते सगळ्यांना तीच सांगतात.

पण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट त्या किलोमीटरच्या ९ रुपयांत आहे, आणि ती तुम्ही सहज लिहून पुढे गेलात! अडीच हजार किलोमीटरचे होतात २२,५००. गाडीने लिटरला १७ दिले आणि पेट्रोल १०५ धरलं तर पेट्रोल लागतं साडेपंधरा हजाराचं. म्हणजे महिन्याला ७,००० शिल्लक. ते पैसे कंपनीच्या कामाच्या फिरतीचे आहेत, लॉगबुक नीट असेल तर प्रत्यक्ष खर्चापुरता त्यावर टॅक्स नाही. लीज घेतली की हे ७,००० गेले, कारण तिथे बिलाएवढंच मिळणार. आता दोन्ही शेजारी ठेवा. स्वतःची गाडी: हप्ता १६,६०७, इन्शुरन्स-टायर-सर्व्हिसिंग मिळून महिन्याला ५,००० धरा (३० हजार किलोमीटरला वर्षात ३ सर्व्हिसिंग आणि दीड वर्षात टायरचा सेट, आपल्या उन्हात आणि आपल्या रस्त्यांवर टायर काय टिकतात ते तुम्हाला माहीतच आहे), त्यातून ७,००० वजा, राहिले १४,६००. अडीच लाख रोख घातले ते ४८ महिन्यांवर वाटले तर ५,२००. झाले १९,८००. लीज २३,९००. आणि ४ वर्षांनी लोन बाकी १ लाख ९० हजार, लीजमधे गाडी आपली करायला २ लाख २५ हजार. म्हणजे दोन्हीकडून तुमच्यासाठी स्वतःची गाडीच परवडते. तुमच्याच कंपनीत ऑफिसला बसणारा कोणी असेल, ज्याला टूरच नाही, त्याला उत्तर वेगळं येईल.

शिवाय तुम्ही नोकरीला नवीन. लीज ४ वर्षांची आणि नोकरी सोडली तर लीज मधेच मोडायची, बाकी भाडं किंवा फोरक्लोजरची (मुदतीआधी लीज बंद करण्याची) रक्कम नोकरी सोडतानाच्या फुल अँड फायनल हिशोबातून कापतात. माझ्या ओळखीतल्या एकाचं असंच झालं, भुसावळचा मुलगा, चांगली ऑफर आली म्हणून दीड वर्षात नोकरी सोडली, आणि हातात पडला फक्त एक कागद, उलट त्यालाच ४० हजार भरायला सांगितले होते. तुम्हाला लीज घ्यायचीच असेल तर ते फोरक्लोजरचं पान आधी मागून घ्या. एचआरवाले ब्रोशर देतात, ते पान देत नाहीत.

आप्पांना नमस्कार सांगा. सोनं ठेवून पैसे लवकर मिळतात आणि व्याजही कधी कधी बरं असतं, यात ते चुकीचं बोलत नाहीयेत, जळगावकराला सोन्याबद्दल मी काय शिकवणार. पण ८ लाख उचलायला पावणेअकरा लाखाच्या आसपास सोनं ठेवावं लागेल, कारण ५ लाखाच्या वरच्या गोल्ड लोनला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे देता येतात. आणि बहुतेक गोल्ड लोन वर्षभराचं, व्याज भरत राहायचं आणि शेवटी मुद्दल एकदम. महिन्याच्या पगारदाराला मुद्दल एकदम कुठून येणार, मग रिन्यू, परत रिन्यू, आणि ५ वर्षांनी गाडी जुनी झाली तरी बांगड्या लॉकरमधेच. गाडीचं लोन थकलं तर गाडी जाते, सोन्याचं थकलं तर आईचे दागिने लिलावात जातात. मी तरी आईच्या दागिन्यांना गाडीसाठी हात लावणार नाही. कधी डाउन पेमेंटला पन्नास-साठ हजार कमी पडले आणि दोन महिन्यांत येणारेत, एवढ्यापुरतं ठीक.

बँकेत जाताना एक गोष्ट सांभाळा, फ्लॅट रेट. कोणी म्हणेल "आमच्याकडे ६ टक्के", तुम्ही खूश. ६ टक्के फ्लॅट म्हणजे ८ लाखावर ५ वर्षं पूर्ण ८ लाखाचंच व्याज लावलं, २ लाख ४० हजार, हप्ता १७,३३३. म्हणजे ९ टक्क्यांच्या साध्या घटत्या व्याजापेक्षाही (जे फक्त बाकी राहिलेल्या मुद्दलावर लागतं) महाग. त्या ६ चे घटत्या हिशोबाने होतात १०.८५ टक्के. आता बँकेला आणि फायनान्स कंपनीला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं (१ ऑक्टोबर २०२४ पासून), त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, म्हणजे प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर. दोन ठिकाणचे तेवढेच दोन आकडे शेजारी ठेवा, बाकी गप्पा सोडा. आणि व्याज फ्लोटिंग आहे का फिक्स्ड ते विचारा, कारण फ्लोटिंगला स्वतःसाठी घेतलेलं लोन लवकर फेडलं तरी दंड नाही, फिक्स्डला लागू शकतो. तुमचं इन्सेन्टिव्ह कापसाच्या आणि मक्याच्या सीझननंतर येत असेल ना, ते दरवर्षी लोनमधे टाकता आलं पाहिजे.

तर, ५ वर्षांचं लोन घ्या, आणि हप्ता पगाराच्या खात्यातून जाऊ द्या, अलाउन्सच्या भरवशावर नाही. उद्या नोकरी बदलली आणि नव्या कंपनीत अलाउन्स नसला तरी १६,६०० तुमच्या पगारातून जातील का? जातील, मला वाटतं, वर्षाला १४ लाखात. अलाउन्सचे १२,६६० वेगळ्या खात्यात टाका, त्यातून इन्शुरन्स आणि टायर, उरलेले वर्षाअखेरीला लोनमधे. एचआरला एक विचारून बघा, १५,००० पैकी काही भाग कामाच्या फिरतीचा कन्व्हेयन्स अलाउन्स म्हणून देता येईल का. ड्युटीवर प्रत्यक्ष खर्च झाला तेवढा तो टॅक्समधून सुटतो, नवीन रिजीममधेही. घर ते ऑफिस त्यात धरत नाहीत, पण तुमचं ऑफिस म्हणजे रस्ताच.

आणि गाडीचं मॉडेल तुमचं तुम्ही ठरवा, फक्त सनरूफसाठी लाखभर जास्त घालत असाल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता जळगाव स्टेशनबाहेर गाडी उभी करून बघा एकदा. वरचं व्हेरियंट १० लाखाच्या पुढे गेलं की १ टक्का टीसीएस, म्हणजे गाडी घेतानाच शोरूमवाला घेतो तो आयकर, पण लागतो (तो रिटर्न भरताना परत धरता येतो म्हणा) आणि पेट्रोलचा रोड टॅक्स ११ चा १२ टक्के होतो.

शिरपूरहून एक वाचक: ताई, मला ८,००० अलाउन्स मिळतो. सेकंड हॅन्ड गाडी बघितलीय, सव्वातीन लाखाची, पण सिबिल बायकोचं चांगलं आहे म्हणून लोन आणि गाडी तिच्या नावावर घेऊ म्हणतोय. कधी कधी डीलरला खताच्या दोन-चार गोण्या पण नेऊन टाकतो मी, डिकीत.

उत्तर: आधी कंपनीची पॉलिसी वाचा. बहुतेक ठिकाणी आरसीवर कर्मचाऱ्याचं नाव लागतं, नाहीतर अलाउन्स किंवा किलोमीटरचं बिल अडकतं. वहिनींना को-अ‍ॅप्लिकंट करा आणि गाडी तुमच्या नावावर, असं होत असेल तर सगळ्यात बरं. जुन्या गाडीच्या लोनला व्याज नव्या गाडीपेक्षा जास्तच असतं, तेव्हा सव्वातीन लाखातले जेवढे रोख घालता येतील तेवढे घाला आणि मुदत ३ वर्षांच्या पुढे नेऊ नका.

गोण्यांचं मात्र मी गंमतीत घेणार नाही. प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं की माल वाहून नेण्यासाठी गाडी वापरायची नाही, सॅम्पल आणि स्वतःचं सामान सोडून. बियाण्याची, औषधाची सॅम्पल पाकिटं चालतात. पण चार गोण्या डीलरकडे डिलिव्हरीला आणि वाटेत पळासनेरच्या बाजूला ट्रकने ठोकली, सर्व्हेअरने फोटो काढला, की क्लेमला फाटे फुटायला सुरुवात. डीलरला सांगा टेम्पो पाठव. तुम्हाला वाईट वाटतं नाही म्हणायला, माहितीये मला, शिरपूरकडची माणसं अशीच.

चोपड्याहून एक वाचक: माझं कार लोन मागच्या महिन्यात फिटलं, अलाउन्स १२,००० चालूच आहे. सगळे म्हणतात आता जुनी विकून नवीन घे, हप्त्याची सवय आहेच. गाडी ५ वर्षांची, ७० हजार पळालीय, काही तक्रार नाही.

उत्तर: तक्रार नाही तर विकता कशाला? हप्ता गेला तो महिना म्हणजे अलाउन्स खऱ्या अर्थाने तुमच्या हातात पडायला लागला तो महिना. अजून २-३ वर्षं हीच चालवा, अलाउन्स आरडीत टाका, पुढची गाडी घेताना लोन निम्मं लागेल.

पण या आठवड्यात एक काम करा, बँकेत जाऊन एनओसी (लोन फिटलं, हरकत नाही असं पत्र) आणि फॉर्म ३५ घ्या आणि आरटीओत आरसीवरचं बँकेचं नाव काढून घ्या. मी स्वतः बँकेत असून हे केलं नव्हतं. माझी पहिली गाडी एका फायनान्स कंपनीकडून घेतली होती (स्टाफ लोनला नंबर लागला नव्हता म्हणून), शेवटचा हप्ता गेला, मी पेढे वाटले, आणि विषय संपला असं समजून सहा वर्षं गाडी चालवली. विकायला काढली तर घेणारा म्हणे ताई, आरसीवर तर फायनान्स दिसतोय. कंपनीची भुसावळची शाखा बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान झालं होतं. नाशिकला फोन, मुंबईला मेल, लोन नंबर कुठे लिहिलाय ते सापडेना, शेवटी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुनं पासबुक मिळालं त्यात हप्त्याची नोंद होती, तिच्यावरून एनओसी यायला पावणेतीन महिने लागले. तोवर घेणाऱ्याने दुसरी गाडी घेतली. मी ती नंतर वीस हजार कमी घेऊन विकली. एनओसीलाही मुदत असते, तेव्हा आणून कपाटात ठेवू नका, त्याच आठवड्यात एमएच-१९ ला, म्हणजे जळगाव आरटीओत, नेऊन द्या, आणि इन्शुरन्सच्या पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर तेही काढायला सांगा.